लाल रेघ आणि २४० गॅलन

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना मध्ये मध्ये येणारे 'अं' आणि 'तर काय झालं' काढलेत, बाकी जवळपास तसंच आहे.

आधी एक काम करा. घरात औषधांचा डबा असतोच, त्यातली अँटिबायोटिकची एखादी स्ट्रिप काढा आणि मागची बाजू बघा. डाव्या कडेला वरून खालपर्यंत एक उभी लाल रेघ दिसेल. तिच्या आसपास 'आरएक्स' अशी खूण असेल आणि बारीक अक्षरात लिहिलेलं असेल की हे औषध नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. आता खरं सांगा, शेवटचं अँटिबायोटिक तुम्ही चिठ्ठी दाखवून घेतलं होतं का? की मेडिकलवाल्या काकांना जुन्या स्ट्रिपचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला आणि त्यांनी पुडी बांधून ठेवली?

'आरएक्स' बद्दल एक गोष्ट लगेच सांगून टाकतो. तो म्हणे गुरू ग्रहाचं चिन्ह, तो म्हणे इजिप्तच्या देवाचा डोळा, अशी रील्स भरपूर फिरतात. ऐकायला मजा येते, पण आधार तोकडा आहे. सरळ अर्थ एवढाच की लॅटिनमध्ये 'रेसिपे' म्हणजे 'घे'. डॉक्टर औषध बनवणाऱ्याला सांगायचा, हे एवढं घे, ते तेवढं घे. स्वयंपाकातली रेसिपीही त्याच शब्दातून आली.

पण 'घे' पासून 'चिठ्ठीशिवाय देऊ नकोस' इथपर्यंतचा प्रवास एवढा सरळ नाही. त्यासाठी आपल्याला १९३७ सालच्या अमेरिकेत जावं लागेल.

तेव्हा पेनिसिलीन बाजारात नव्हतं. साधा घसा बिघडला, जंतू रक्तात गेले आणि धडधाकट माणूस आठवड्यात संपला, असं सगळीकडे व्हायचं. जर्मनीत बायर कंपनीत काम करणाऱ्या गेरहार्ड डोमाक यांनी १९३५ मध्ये प्रॉन्टोसिल नावाच्या लाल रंगद्रव्याबद्दलचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे औषध या जंतूंना रोखत होतं. थोड्याच दिवसांत पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या लोकांनी दाखवलं की त्यातला रंगाचा भाग शोभेचा आहे, खरं काम सल्फानिलामाइड नावाचा भाग करतो. गंमत म्हणजे सल्फानिलामाइड १९०८ मध्येच तयार झालं होतं आणि त्याच्या पेटंटची मुदत संपलेली होती. म्हणजे आपल्या भाषेत ओपन सोर्स! कोणीही बनवा, कोणीही विका. १९३६ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा मुलगा घशाच्या गंभीर संसर्गातून याच औषधाने वाचला, आणि मग मागणी विचारू नका.

अडचण एकच होती. सल्फानिलामाइड गोळीत किंवा पावडरीत मिळायचं, पातळ औषधात नाही, कारण ते नेहमीच्या द्रवांत नीट विरघळत नव्हतं. लहान पोराला गोळी कशी गिळवणार? टेनेसी राज्यात ब्रिस्टल गावी मॅसेंगिल नावाची कंपनी होती. तिचे मुख्य रसायनतज्ज्ञ हॅरोल्ड वॉटकिन्स यांनी शोधून काढलं की डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये ते छान विरघळतं. हा द्रव दिसायला ग्लिसरीनसारखा, चवीला गोडसर. त्यात रास्पबेरीचा स्वाद घातला. कंपनीत तपासणी झाली, नाही असं नाही. चव तपासली, रंग तपासला, वास तपासला. हे प्यायल्यावर शरीरात काय होतं, ते मात्र कोणी तपासलं नाही. आणि त्यात बेकायदा काहीच नव्हतं! तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात औषध विकण्याआधी ते सुरक्षित आहे हे दाखवायची सक्तीच नव्हती.

२४० गॅलन औषध बनलं आणि सप्टेंबर १९३७ मध्ये देशभर रवाना झालं. नाव ठेवलं 'एलिक्सिर सल्फानिलामाइड'.

डायएथिलीन ग्लायकॉल आपल्या यकृतात जातं, तिथे त्याचे आणखी विषारी तुकडे होतात आणि ते किडनीच्या पेशी मारतात. माणसाला आधी मळमळ, उलट्या, पोटात दुखणं. मग लघवी कमी होत जाते, मग बंदच. आणि हे सगळं काही दिवसांत होतं. ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की दगावलेल्या मुलांमध्ये हे एकच औषध समान आहे. बातमी वॉशिंग्टनला, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे पोचली.

आता इथून पुढचा भाग मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

प्रशासनाकडे सगळे मिळून २३९ निरीक्षक आणि रसायनतज्ज्ञ होते. जवळजवळ सगळेच्या सगळे रस्त्यावर उतरले. कंपनीने दुकानदारांना आणि डॉक्टरांना तारा पाठवल्या होत्या की माल परत पाठवा, पण का ते लिहिलंच नव्हतं. प्रशासनाने दम दिल्यावर दुसरी तार गेली, जीवाला धोका आहे असं सांगणारी. पण तार दुकानापर्यंत जाते. दुकानातून बाटली कोणाच्या घरी गेली, ते कोण सांगणार?

ज्या दुकानदाराने चिठ्ठीवर औषध दिलं होतं, त्याच्याकडे ती चिठ्ठी होती. चिठ्ठीवर नाव, कधी पत्ता. निरीक्षक त्या घराचं दार वाजवू शकत होता. एका ठिकाणी तीन वर्षांच्या मुलाचं कुटुंब औषध घेऊन डोंगराळ भागात राहायला गेलं होतं. त्याला शोधायला मदत करण्यासाठी तिथल्या डॉक्टरने स्वतःचं लग्न पुढे ढकललं. मुलगा सापडला आणि वाचला. का सापडला? तर कोणीतरी कुठेतरी लिहून ठेवलं होतं म्हणून.

पण कितीतरी दुकानांत, विशेषतः दक्षिणेकडच्या राज्यांत, औषध असंच काउंटरवरून गेलं होतं. तोंडओळखीवर. काही डॉक्टरांनीही नोंदी ठेवल्या नव्हत्या. त्यात हे औषध गुप्तरोगावरही चालायचं. त्यासाठी आलेला माणूस दुकानात स्वतःचं खरं नाव कशाला सांगेल? अशा बाटल्यांचा माग काढायचा तरी कसा?

शेवटी २४० पैकी सुमारे २३४ गॅलन परत मिळवलं. जेमतेम सहा गॅलन पोटात गेलं. तेवढ्यात १०० हून जास्त माणसं गेली, १५ राज्यांत, आणि त्यांतली बरीचशी लहान मुलं.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला हे वाचताना लॉगच आठवतात. काही बिघडलं तर कोणत्या सर्व्हरवर कोणती आवृत्ती गेली होती हे कळल्याशिवाय मागे फिरता येत नाही. डॉक्टरची चिठ्ठी म्हणजे परवानगी, अडवणूक, फी उकळायचा धंदा, असं आपण समजतो. ती एक नोंदही आहे, हे १९३७ मध्ये अमेरिकेला फार महागात पडून कळलं.

आणि खटला कशावर चालला माहितीये? माणसं मेली म्हणून नाही. 'एलिक्सिर' या शब्दाचा अर्थ अल्कोहोल असलेलं औषध, आणि यात तर अल्कोहोलचा थेंब नव्हता, म्हणजे लेबल खोटं! एवढ्याच मुद्द्यावर २६,१०० डॉलर दंड झाला. बाटलीवर 'एलिक्सिर' ऐवजी 'सोल्युशन' लिहिलं असतं, तर औषध जप्त करायचाही अधिकार नव्हता. मालकाने आपली काही चूक नाही अशी भूमिका घेतली. वॉटकिन्स यांनी आत्महत्या केली.

जून १९३८ मध्ये नवा कायदा आला. औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचा पुरावा द्या. त्याच्या नियमांमधून काही औषधांवर 'फक्त डॉक्टरच्या सांगण्यावरून' असा इशारा यायला लागला. कुठली औषधं चिठ्ठीची आणि कुठली बिनचिठ्ठीची, हे तिथल्या कायद्यात स्पष्ट झालं १९५१ मध्ये. ती दुरुस्ती मांडणारे दोघे, डरहॅम आणि हम्फ्री, हे दोघेही पेशाने फार्मसिस्ट होते, हे मला आवडतं. काउंटरच्या मागे उभं राहिलेल्या माणसांनी काउंटरचा नियम लिहिला.

१९३७ मध्ये शिकागो विद्यापीठात प्राध्यापक गाइलिंग यांच्याकडे या एलिक्सिरचे प्राण्यांवर प्रयोग झाले, नेमकं विष कोणतं हे शोधायला. त्या प्रयोगशाळेत एक कॅनडाची विद्यार्थिनी होती, फ्रान्सेस ओल्डहॅम. तिला जागा मिळाली तीही गंमतच. नावावरून गाइलिंगना वाटलं होतं की हा कोणी मुलगा आहे. उंदरांची लघवी बंद होऊन ते मरताना तिने डोळ्यांनी पाहिलं.

२३ वर्षांनी, १९६० मध्ये, हीच बाई, आता डॉक्टर फ्रान्सेस केल्सी, त्या अन्न व औषध प्रशासनात नोकरीला लागली. महिनाभरात तिच्या टेबलावर पहिली फाइल आली. थॅलिडोमाइड नावाची झोपेची गोळी. जर्मनीत १९५७ पासून विकली जात होती, तीही चिठ्ठीशिवाय. इतकी सुरक्षित म्हणे, की गरोदर बायका मळमळीवर घ्यायच्या. नवखीला सोपं काम म्हणून ही फाइल दिली होती. नियम असा होता की ६० दिवसांत हरकत घेतली नाही तर मंजुरी आपोआप! केल्सींनी हरकत घेतली. पुरावा अपुरा आहे, अजून माहिती द्या. कंपनीने पुन्हा अर्ज केला, यांनी पुन्हा परत पाठवला. मग एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्यांना एक पत्र दिसलं, की ही गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या हातापायांच्या नसांवर परिणाम होतोय. त्यांनी विचारलं, मग गर्भावर काय होतं? कंपनीकडे उत्तर नव्हतं. वरिष्ठांकडे तक्रारी झाल्या, फोन झाले. बाई हलल्या नाहीत.

नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीत गोळी बाजारातून काढली. तोवर जगभरात १०,००० हून जास्त बाळं हातपाय अर्धवट वाढलेली किंवा इतर व्यंगं घेऊन जन्माला आली होती. अमेरिकेत गोळी दुकानात कधी आलीच नाही. पण कंपनीने 'चाचणी' या नावाखाली हजाराहून जास्त डॉक्टरांना २५ लाखांच्या आसपास गोळ्या आधीच वाटून ठेवल्या होत्या, आणि तिथेही १७ बाळं बाधित झाली. किती रुग्णांनी त्या घेतल्या याचा हिशोब अनेक डॉक्टरांकडे नव्हता. पुन्हा तेच, नोंद नाही.

बरं, थॅलिडोमाइड आजही आहे. कुष्ठरोगातल्या एका तीव्र त्रासावर आणि रक्ताच्या एका कर्करोगावर ते डॉक्टर देतात, आणि त्याने माणसं सावरतात. रेणू तोच. फक्त कोणाला द्यायचं, कोणाला चुकूनही नाही, यावर कडक पहारा आहे. ताईची गोळी तुम्ही घेता, रूममेटचं अँटिबायोटिक तुम्ही घेता, 'मला पण तेच झालंय' म्हणून, तेव्हा हा 'कोणाला' वाला प्रश्न गाळला जातो. गरोदरपण, किडनी, आधीची ॲलर्जी, सोबत चालू असलेलं दुसरं औषध, यातलं काही स्ट्रिपच्या फोटोत दिसत नाही.

आता आपल्याकडे येऊ. ब्रिटिश काळात भारतात परदेशातून भेसळीची आणि हलकी औषधं बिनधास्त यायची, क्विनाइनसुद्धा. १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली एक चौकशी समिती नेमली. समितीने पुढच्याच वर्षी अहवाल दिला. कायदा यायला मात्र १९४० उजाडलं, आणि त्याचे नियम आले १९४५ मध्ये. या नियमांच्या परिशिष्टांनाच शेड्यूल म्हणतात. तुमच्या स्ट्रिपवरचं 'शेड्यूल एच' इथलंच. मार्च २०१४ पासून त्यात 'एच वन' लागू झालं. सुरुवातीला त्यात ४६ औषधं होती, त्यांत तगडी अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं आणि सवय लागणाऱ्या काही गोळ्या. ही देताना दुकानदाराने वेगळ्या वहीत डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. म्हणजे १९३७ च्या निरीक्षकांना जी वही हवी होती, ती.

२०१६ मध्ये आरोग्य मंत्रालयाने या लाल रेघेचीच मोहीम काढली, लाल रेघ असलेलं औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका म्हणून. कारण अँटिबायोटिकचं प्रकरण अजून वेगळं आहे. सर्दी बहुतेक वेळा विषाणूमुळे होते, त्यावर ते चालतच नाही. उगाच घेतलं की शरीरातले जंतू त्याला सरावतात, आणि असे सरावलेले जंतू मग दुसऱ्याच्याही अंगात जातात. बहुतेक औषधांत असं होत नाही, की गोळी एकाने खाल्ली आणि त्याचा भुर्दंड शेजारच्याला.

पण थांबा. चिठ्ठी असली की झालं, असं म्हणून मी हा एपिसोड संपवला तर ती अर्धी गोष्ट होईल. आणि उरलेली अर्धी मुंबईतली आहे.

१९८६ च्या सुरुवातीला भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. डोळ्यातला किंवा मेंदूतला दाब उतरवण्यासाठी त्यांना ग्लिसरॉल दिलं होतं. उपचार योग्य, डॉक्टर तज्ज्ञ, कागद बरोबर. बाटलीत मात्र कारखान्याच्या दर्जाचं ग्लिसरॉल होतं आणि त्यात होतं, ओळखा काय, डायएथिलीन ग्लायकॉल. ब्रिस्टलपासून ४९ वर्षांनी. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग बसला, १९८७ च्या अखेरीस अहवाल आला. रुग्णालयाची खरेदी, अन्न व औषध प्रशासन, मंत्री, कोणालाही त्यांनी सोडलं नाही. एक बाटली वॉर्डपर्यंत पोचायला किती जणांनी डोळेझाक करावी लागते, ते त्यातून कळतं. तेव्हाचे आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावं लागलं.

तिथे संपलं का? नाही. २०२२ मध्ये गांबियात ७० च्या आसपास मुलं गेली, आणि संशय होता भारतात बनलेल्या सिरपवर. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून जास्त मुलं गेली. यांतल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं, त्यामुळे विदर्भातल्या श्रोत्यांना हे नव्याने सांगायला नको. तपासणीत त्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. चालतं किती? ०.१ टक्का. बरं, त्या औषधातल्या दोन घटकांचं जे मिश्रण आहे, ते चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं लेबलवर छापा, हे औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच सांगून ठेवलं होतं. ते वाचायचं कोणी? डॉक्टरने, दुकानदाराने, आणि हो, मला वाटतं आपणही. बाटलीत काय मिसळलंय हे घरी बसून कळत नाही, त्याची जबाबदारी सरकारची आणि कंपनीची. पण वयाची मर्यादा लेबलवर असली तर ती कोणालाही वाचता येते.

म्हणून बाटली घेतली की बॅच नंबर बघायची सवय मी लावून घेतलीय, आणि बिलाचा फोटो काढून ठेवतो. औषध मागे घेतलं तर ते कंपनीचं नाव सांगून घेत नाहीत, बॅच सांगून घेतात. सुट्या गोळ्या कापून देताना तो नंबर आणि मुदत असलेला तुकडा दुकानदाराकडेच राहतो, तेव्हा तो तुकडा मागा, निदान फोटो तरी घ्या. २०२३ च्या ऑगस्टपासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडच्या वेष्टनांवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. फोन दिवसभर हातात असतोच, कधीतरी पेमेंट सोडून तोही स्कॅन करून बघा. आणि लहान मूल औषध घेतल्यानंतर लघवी करेनासं झालं, सारखं ओकायला लागलं, तर उद्या बघू म्हणू नका. बाटली सोबत घ्या आणि थेट रुग्णालयात जा. ती बाटली फेकायची नाही, तोच पुरावा असतो.

औषधाचा त्रास झाला तर तो कळवायला सरकारची यंत्रणा आहे, २०१० पासून. टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४. त्यासाठी डॉक्टर असायची गरज नाही, रुग्णाने किंवा घरच्यांनी केलेला फोनही चालतो. औषधाचं नाव, बॅच, कधी घेतलं आणि काय झालं, एवढं जवळ ठेवा, तेच विचारतात.